कोण गेलं, एवढंच विचारलं

नर्सेस क्वार्टर्स, सरकारी दवाखाना
४ सप्टेंबर १९९५

ति. अप्पांना रुद्राणीचा शरणार्थ.

आई पोचली. अमरनाथनं काल दुपारी तिला आमच्या मनोविकार वॉर्डात आणून सोडलं आणि बीडची गाडी चुकेल म्हणून चहा न घेता गेला. त्यानं तुम्हाला फक्त 'सरकारी दवाखाना' एवढंच सांगितलं आहे म्हणे. त्या दवाखान्यात मी आहे, आणि त्या वॉर्डाची सिस्टर मीच आहे, हे आता तुम्हाला माझ्याकडूनच कळू द्या.

घर सोडल्यापासून मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. हेही मुलगी म्हणून लिहीत नाही. पेशंट स्वतः बोलत नसेल तर घरच्यांना विचारावं लागतं, म्हणून लिहिते. अमरनाथला विचारलं तर म्हणाला, "श्रावणात बोलायची बंद झाली. कावून ते न्हाई म्हाईत. मी सोलापूरला गेलतो माल आणायला. आलो, दोन दिवसांनी बघतो तर ही गप."

तेव्हा कृपया कळवा: त्या दोन दिवसांत काय झालं? ती पडली का, भ्याली का, कुणाशी भांडली का? आधी कधी असं झालं होतं का?

डॉक्टर म्हणतात, महिना-दीड महिना इथं ठेवू. फरक पडला नाही तर मोठ्या शहरातल्या वेड्यांच्या दवाखान्यात पाठवावं लागेल. अमरनाथनं पोचल्या पोचल्या त्याचीच चौकशी केली. त्या दवाखान्यात मी सहा महिने ट्रेनिंगला होते. तिथं अशा बाया आहेत ज्यांच्या घरच्यांनी पत्ता चुकीचा लिहून दिला होता. त्या बऱ्या झाल्या, आणि अजून तिथंच आहेत.

आई जेवते. मला ओळखते. बाकी ठीक.

रुद्राणी

१४ सप्टेंबर १९९५

अप्पांना शरणार्थ.

तुमचं उत्तर आलं नाही, निरोप आला. काल अमरनाथनं दुकानातल्या त्याच्या नव्या एसटीडी बूथवरून वॉर्डाच्या ऑफिसात फोन केला.

"ताई, अप्पांचा निरोप हाय. ती वेडी हाय म्हून डॉक्टरकडून लिहून घे म्हनले."

"कशाला?"

"आसू दे म्हनले. गावात इचारतात लोक. मठात इचारतात."

मी म्हटलं, अप्पांना फोन दे. तो म्हणाला, अप्पा गल्ल्यावर आहेत. त्याच्यापासून गल्ला किती लांब आहे ते मला माहीत आहे. मग कुणीतरी त्याला गिऱ्हाइकासाठी बोलावलं आणि फोन शिवानीनं घेतला. तुमची सून मला कधी भेटलेली नाही, तरी ती घाईघाईनं, दबक्या आवाजात बोलली.

"ताई, तुमाला कुनी सांगितलं का न्हाई? मामंजी आत्याबाईंशी, तुमच्या मायशी, बोलतच न्हाईत. मी लगीन होऊन आले तवापासून बघते. 'तिला सांग, पाणी काढ म्हणावं', आसं मला सांगतात, आन ती तिथंच उभी आसते. घरात कुनी नसलं की भिंतीकडं बघून म्हनतात, मीठ कमी हाय."

मी कधीपासून म्हणून विचारलं. ती म्हणाली, "तुमी गेल्यापासून, म्हनतात."

अप्पा, तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी मी लिहिते, कारण कुणीतरी हे एकदा कागदावर लिहायला हवं. उदगीरच्या सासरच्यांनी मला वर्षाच्या आत परत पाठवलं. तुम्ही माझ्यासाठी दुसरं स्थळ बघितलं, माझ्याहून वयानं दुप्पट, आधीच्या बायकोची चार मुलं. तुम्ही लिंगायत समाजाच्या बैठकीला परळीला गेला होतात त्या दिवशी आईनं मला नर्सिंगच्या कोर्सला जाणाऱ्या गाडीत बसवलं. मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर रागावलात. नऊ वर्षं मी तेच धरून बसले होते. शिक्षा आईला झाली होती, हे मला काल एका फोनवर, सुनेच्या तोंडून कळलं.

दर वर्षी कपिलधारच्या यात्रेत आई मला भेटायची. आपल्या वडवणीच्या बायकांबरोबर यायची आणि दिवसभर माझ्याबरोबर असायची. दर्शनाच्या रांगेत, धबधब्याखाली, भाकरी खाताना, नुसती बोलत असायची. शेजारच्यांची म्हैस, शिवानीचे डोहाळे, केबलवर दिवसभर चालणारे सिनेमे. मी हसून म्हणायचे, "माय, श्वास तरी घे." मला वाटायचं, माझी आई बोलकी आहे. ती वर्षभराचं बोलून घेत होती.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ती मला ओळखते. ते खरं आहे. पण ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही, हे मी लिहिलं नव्हतं.

मी इथं लागले तेव्हा सिस्टरच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि तोच तिचा हुद्दा होता. जुन्या सिस्टर सांगायच्या, पेशंटशी बोलायचं नाही, बोललं की चाळवतात. जेवायला घालायचं, इंजेक्शन द्यायचं, माणसं मोजायची, कुलूप लावायचं. भिंतीतल्या लोखंडी कड्या अजून आहेत, त्यांना दोरी बांधून आता चादरी वाळत घालतो. मग मला वर्षभराच्या कोर्सला दक्षिणेत पाठवलं. तिथल्या आमच्या मॅडम फार म्हाताऱ्या होत्या. त्या सांगायच्या, "आमच्या काळात या कामाला दांडग्या बाया शोधत, कारण काम धरून ठेवायचं होतं. पुढे कुणाच्या तरी ध्यानात आलं, डॉक्टर येतो आणि जातो, दिवसभर जवळ असते ती नर्स. मग तिचं बोलणं हेच औषध का होऊ नये?" तेव्हापासून ते औषध शिकवायला लागले. आम्हीही शिकलो. समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. 'का' विचारायचं नाही, त्यानं माणूस आरोपी होतो. त्याचंच शेवटचं वाक्य हळूच परत म्हणायचं, म्हणजे तो पुढचं बोलतो. आणि तो गप्प राहिला तर आपणही गप्प राहायचं, मात्र उठून जायचं नाही.

गप्प राहण्याचा असा उपयोग मी तिकडे शिकत होते, आणि तुम्ही वडवणीत त्याचा दुसरा उपयोग करत होतात. तुम्ही कधी हात उगारला नाही. शिवी दिली नाही. मठात लोक तुमचं उदाहरण देतात. शेजारीपाजारी म्हणत असतील, मल्लिकार्जुनअप्पांच्या घरातून कधी आवाज येत नाही.

वेडी म्हणून लिहून मिळणार नाही.

रुद्राणी

२४ सप्टेंबर १९९५

अप्पा,

आई बोलली. माझ्याशी नाही.

गुरुवारी गणपती दूध पितो म्हणून सगळा मुलूख रस्त्यावर आला होता, तुमच्याकडेही आला असेल. आमच्या सुभद्राबाई, म्हणजे वॉर्डाच्या आया, वाटी-चमचा घेऊन पळाल्या. ड्रेसर गेले, क्लार्क गेला. डॉक्टर हसत होते, तेही अर्ध्या तासानं बायकोला स्कूटरवर घेऊन गेले. मी औषधांच्या खोलीत होते. वॉर्डात आई होती आणि तिच्या शेजारच्या कॉटवर अंजना.

अंजना तेलगावकडची, धनगराची. मेंढ्यांचा कळप एका साथीत गेला, त्यानंतर ती रिकाम्या रस्त्यावर मेंढ्या हाकायला लागली. इथंही दिवसभर त्यांच्याशी बोलते, नावानं हाका मारते. पहिल्या दिवसापासून ती आईशीही बोलायची, उत्तराची वाट न बघता. मी आईजवळ शिकवल्याप्रमाणे बसत होते, अंजना कशीही बसत होती.

मी दाराशी आले तेव्हा अंजना विचारत होती, "तुमच्याकडं बी पेतोय का वो गणपती?"

आणि आई म्हणाली, "माज्या भावाच्या दुकानाम्होरं हाय गणपती."

आवाज घोगरा झाला होता, पण तिचाच होता. अंजनाला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. तिनं विचारलं, "कुठं?"

"लिंबागणेशला. नारळाचं दुकान हाय त्याचं, देवळाच्या दारात." मग म्हणाली, "आता दुकानात कोन बसत आसंल?"

बद्रीमामा गेले, हे मला त्या वाक्यानं कळलं. माझे मामा वारल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. मी दारातच उभी राहिले. आत गेले तर ती थांबेल, अशी भीती वाटली. आणि खरंच, मी आत गेल्यावर ती थांबली.

बोलणं झालं की आम्ही एका कागदावर तीन रकान्यांत लिहून काढतो. पेशंट काय म्हणाला, नर्स काय म्हणाली, नर्सला काय वाटलं. दोन रकाने भरले. तिसरा तसाच आहे.

मामा कधी गेले, अप्पा? मातीला कोण कोण होतं?

रुद्राणी

११ ऑक्टोबर १९९५

अप्पा,

आता तुम्ही उत्तर दिलं नाही तरी चालेल. मला कळलं.

आईला डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. ती झोपते, जेवण वाढलं आहे. गोळ्यांचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. दुपारी मागच्या व्हरांड्यात ती सुभद्राबाईंबरोबर स्वयंपाकघराचे तांदूळ निवडते. परवा सुभद्राबाई रजेवर होत्या, म्हणून मी सूप घेऊन शेजारी बसले. काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं आपण होऊन सांगायला सुरुवात केली. मी शब्द बदललेले नाहीत.

"सकाळच्या पारी तुझ्या अप्पाला दुकानात सांगावा आलता. मला कुठं म्हाईत? घरात कुनी नव्हतं. अमर सोलापूरला, शिवानी बाळाला घिऊन म्हायेरी. त्ये जेवाय आले. भाकर केलती, अंबाडीची भाजी केलती. जेवले. मी वाढत व्हते. हात धुतला आन गेले. दुकान बंद केल्याचा आवाज आला. वाटलं, बीडला गेले आसतील.

"दिस बुडायच्या वक्ताला आले. आत येईनात, दारातच उभं. मी वळखलं, मातीहून आल्यात. बंब पेटवला, इसाण घातलं. त्ये न्हाणीत बसले, मी पाणी ओतत व्हते अंगावर. म्हनलं, कोण गेलं? गप. मी म्हनलं, अवो, कोण गेलं? डोळे मिटून बसले. मी तिसऱ्यांदा इचारलं. त्यांनी माज्या हातातला तांब्या काढून घेतला आन सोता ओतून घेतलं.

"दुसऱ्या दिशी अमर आला, त्याला वाटंतच कळलं व्हतं. त्यानं इचारलं, माय, तू मामाच्या मातीला गेलतीस का?"

मी तिचंच वाक्य परत म्हटलं, "मामाच्या मातीला."

"व्हय. माजा एकटा भाऊ. मी त्याच्या मातीचं पाणी ओतलं, आन मला म्हाईत न्हाई." मग ती म्हणाली, "त्या दिशी ठरवलं आसं न्हाई, रुद्रा. तोंड उघडायची तर आवाजच येईना. मंग म्हनलं, न्हाई तर न्हाई. आता काय इचारायचं ऱ्हायलंय?"

आपल्यात सुतक पाळत नाहीत, तरी मातीवरून आलेला माणूस अंघोळ करूनच घरात येतो. ती रीत तुम्ही चुकवली नाही. सांगावा ऐकून भाकरी खाल्लीत, ती तिच्याच हातची. एक नाव घ्यायचं होतं, अप्पा. 'बद्रीनाथ'. तिच्याकडे न बघता, भिंतीला सांगितलं असतंत तरी तिनं ऐकलं असतं.

मी तिला विचारलं, इतकी वर्षं कपिलधारला भेटायचीस, तेव्हा अप्पा बोलत नाहीत हे मला का नाही सांगितलंस? 'का' विचारायचं नसतं हे मी विसरले. ती म्हणाली, "तू नौकरी सोडून आली आसतीस. मंग एवढं सगळं कशापायी केलं म्हनायचं?"

डॉक्टरांना मी सांगितलं आहे. ते म्हणतात, ती वेडी नाही, खचली आहे, आणि आता सावरते आहे. नवऱ्यानं येऊन तिच्याशी बोलावं, घरी न्यावं. त्यांनी तुम्हाला दवाखान्याचं पत्र पाठवलं आहे. मी माझ्याकडून विनंती करते. या. क्षमा मागू नका, ते तुम्हाला जमणार नाही. तिच्याकडे बघून एक वाक्य बोला, कोणतंही.

रुद्राणी

३० ऑक्टोबर १९९५

अप्पा,

तुम्ही काल आला होतात. तुम्हाला काय दिसलं मला माहीत नाही. मला काय दिसलं ते लिहिते.

भाड्याची जीप फाटकाशी उभी राहिली. तुम्ही पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, असे लग्नाला जावं तसे आलात. मी दारात होते. तुम्ही माझ्या अंगावरचा पांढरा गणवेश बघितलात, माझं तोंड बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, "बसा. नुसतं बोला त्यांच्याशी. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." त्यांनी तुमच्यासाठी आईच्या शेजारी खुर्ची ठेवली होती. तुम्ही बसला नाहीत.

आईनं पदर सारखा केला. सकाळपासून तिनं दोनदा वेणी घातली होती. हे तुम्हाला कळायचं कारण नाही.

तुम्ही अमरनाथकडे वळून म्हणालात, "तिला म्हणावं, सामान घे. गाडी उभी हाय."

अमरनाथनं तोंड उघडलं, तेवढ्यात आई उठली. "मला ऐकू येतंय की. मी काय बहिरी न्हाई." ती चालत तुमच्यासमोर आली. मी तिला तुमच्या इतक्या जवळ उभी राहिलेली कधी बघितली नव्हती. ती भांडली नाही. आवाजही चढवला नाही.

"येते मी. पर आधी एक सांगा. तुमी मातीला गेलता. बद्रीला मातीला न्यायला बसवलं तवा त्याचं तोंड कसं दिसत व्हतं? तुमी बघितलं, मी न्हाई बघितलं. एवढं सांगा, आत्ता येते."

तुम्ही अमरनाथकडे बघितलं. तो म्हणाला, "अप्पा, बोला की. एवढं सांगून टाका."

सुभद्राबाई झाडू धरून थांबल्या होत्या. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. तुमचे ओठ हलले. मी बघितलं आहे, अप्पा, ते हलले. मला वाटलं, आता. मी एवढी मोठी झाले, शिकले, शंभर पेशंट बोलते केले, आणि त्या क्षणी मी तुमच्या तोंडाकडे लहान पोरीसारखी बघत होते.

तुम्ही म्हणालात, "अमर, जीपवाला थांबायचा न्हाई."

आणि निघालात. माझ्या जवळून गेलात, उपरण्याचं टोक माझ्या हाताला लागलं.

आता तुम्ही गेल्यावरचं. जीपचा आवाज बंद होईपर्यंत आई उभी होती. मग व्हरांड्यात जाऊन तांदूळ निवडायला बसली. अंजनानं विचारलं, "गेला का गं मालक?" आई म्हणाली, "कवाच गेलाय."

मी काय केलं ते लिहीत नाही.

डॉक्टरांनी तिला बरी म्हणून सोडलं आहे. ती माझ्या खोलीवर आहे. तिचं लुगड्यांचं गाठोडं शिवानीनं अमरनाथबरोबर पाठवलं तर बरं होईल. तुम्हाला त्यासाठी कुणाशी बोलावं लागणार नाही.

रुद्राणी

१८ फेब्रुवारी १९९६

अप्पा,

आई माझ्या खोलीवर तीन महिने राहिली. मी ड्युटीवर गेले की ती एकटी असायची. शेजारच्या नर्सेस केरळच्या, त्यांना तिचं कळायचं नाही, तिला त्यांचं. मला तिला माझ्यापाशी ठेवायचं होतं. ती म्हणाली, "मला लिंबागणेशला सोड."

मी सोडून आले. मामी दारात होती. दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि मग मामी एकदम बाजूला होऊन म्हणाली, "तू कावून आली न्हाईस गं? आमी तुज्यापायी थांबवलं व्हतं त्यास्नी. दुपारची माती करायची, ती न्हाई केली. आमची दानम्मा येईल, मंग उचलू म्हनलं."

मामीच पुढे म्हणाली, "मंग तुजं मालक आले एकटेच. म्हनले, तिला ताप हाय, ती येनार न्हाई. थांबू नका."

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. ते लोक थांबले होते, अप्पा. दोन तासांची वाट. तुम्ही ठरवलं असतंत तर जेवून निघताना तिला बरोबर नेता आलं असतं, काहीही न बोलता, नुसतं बसमध्ये बसवून. इतक्या लोकांसमोर तुम्हाला तिच्याबद्दल बोलता आलं. खोटं बोलता आलं. तिच्याशी तेवढं आलं नाही.

आईनं मामीला तोच प्रश्न विचारला, जो तुम्हाला विचारला होता. मामीनं तिला सगळं सांगितलं. मामांना कसं बसवलं, विभूती कुणी लावली, डावा डोळा थोडा उघडा राहिला होता आणि तो कुणी मिटवला. आई ऐकत बसली. मी उठून देवळाच्या पायऱ्यांवर गेले. ते माझं ऐकायचं नव्हतं.

आता ती मामीबरोबर दुकानात बसते. नारळ, हळदकुंकू, दुर्वा. चतुर्थीला गर्दी असते. मी परवा जाऊन आले तेव्हा ती एका बाईशी नारळाच्या भावावरून भांडत होती. मी पायऱ्यांवर उभी राहून ऐकत होते. ती त्या बाईला म्हणत होती, "पानी भरलंय का बगा वाजवून, मंग बोला."

अंजनाला न्यायला कुणी आलं नाही. तिच्या भावानं दिलेल्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं परत आली. गेल्या आठवड्यात तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गाडीत बसताना ती मेंढ्यांना हाका मारत होती, सगळ्या आल्या की नाही बघत होती. आईला मी हे सांगितलेलं नाही. ती दर खेपेला विचारते, "अंजी कशी हाय?" मी म्हणते, बरी आहे. तुमच्या घरचं थोडं माझ्यातही आलं आहे.

रुद्राणी

२१ जून १९९६

अप्पा,

तुमचं पत्र मिळालं. पाकिटावर तुमचं अक्षर बघून मी ते खिडकीपाशी उजेडात नेलं, खरंच तुमच्या हातचं आहे का ते बघायला. 'चि. रुद्राणीस आशीर्वाद' असं तुम्ही लिहिलं आहे. ती ओळ मी किती वेळा वाचली ते तुम्हाला सांगणार नाही.

पुढच्या ओळी मात्र माझ्यासाठी नव्हत्या. 'तिला सांग की बद्रीनाथचा चेहरा शांत होता. कपाळाला विभूती होती. झोपल्यासारखा दिसत होता. आता घरी यावे असे तिला सांग.'

मी कशी आहे, कुठं राहते, जेवते का, यातलं काही तुम्ही विचारलेलं नाही. मी ते शोधलं, पत्र उलटून मागे बघितलं. तिथं काही नव्हतं. ठीक आहे. मी माझ्यापुरती उत्तराची वाट बघणं सोडते.

पण 'तिला सांग' हे मी करणार नाही. ते काम तुम्ही आधी अमरनाथला दिलं, मग शिवानीला, कुणी नसेल तेव्हा भिंतीला. मी भिंत व्हायला शिकलेली नाही. मी दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकते आणि त्यांचंच त्यांना परत देते. तुमचं तुम्हाला परत देते आहे. पत्र या पाकिटातच घातलं आहे.

शिवाय त्यातलं तिला सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. चेहरा कसा होता ते मामीनं तिला सांगितलं आहे, आणि तो झोपल्यासारखा नव्हता. तुम्हाला दुसरं काही सांगावं लागेल. काय, ते मला विचारू नका, मला माहीत नाही. कदाचित तीही ऐकणार नाही. ते तिनं ठरवायचं.

तिला वाचता येत नाही, तेव्हा पत्र लिहू नका. ती सकाळपासून दिवे लागेपर्यंत देवळासमोरच्या दुकानात असते. बीडच्या स्टँडवर लिंबागणेशची गाडी लागते.

वाट तुम्हाला माहीत आहे. मातीला एकटेच गेला होतात.

रुद्राणी